पोलिओच्या कुपीवरचा चौकोन

31 जानेवारी 2021. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात, कापसी-कोपरी गावात, पाच वर्षांखालच्या 12 बालकांना पोलिओच्या डोसाऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. सुदैवाने मुले वाचली. बूथवरच्या कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. ती व्हायलाच हवी होती. पण एवढ्यावर थांबणे मला पटत नाही. त्यांना प्रशिक्षण कोणी दिले, देखरेख कोणाची होती, हे प्रश्न वरच्या खुर्चीलाही विचारले पाहिजेत. कारण जीविताचा हक्क संविधानाच्या कलम 21 मध्ये आहे आणि वेळेवर उपचार हा त्याचाच भाग, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये स्पष्ट केले आहे.

विचारायच्या वाटा आहेत. माहिती अधिकारात चौकशी अहवालाची प्रत मागता येते. ग्रामसभेत आरोग्य उपकेंद्राचा हिशेब विचारता येतो. आणि बूथवरच एक तपासणी कोणत्याही आईला जमते: पोलिओच्या कुपीवर एक वर्तुळ असते, आत चौकोन. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तरच लस वापरण्याजोगी. रंग सारखा झाला किंवा चौकोन जास्त गडद दिसला, तर उष्णतेने ती निकामी झालेली असते. सॅनिटायझरच्या बाटलीवर अशी खूण नसतेच.

डोस देण्याआधी कुपी दाखवायला सांगा. तो तुमचा हक्क आहे. लस मात्र चुकवू नका.