भाटघरच्या आसपासचे रणसंग्राम: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पावसाळा सुरू झाला की भाटघर धरणाच्या काठाने राजगड, तोरणा, रोहिडा आणि रायरेश्वराकडे गाड्यांची रांग लागते. सोबत इतिहासही निघतो; पण तो बहुधा मोबाइलवर आलेला, थोडा खरा आणि थोडा पदरचा. भोर आणि वेल्ह्याच्या या मुलखाबद्दल नेहमी कानावर येणाऱ्या पाच गोष्टी तपासून पाहू.

गैरसमज 1: तोरण्यावर सर्वांत मोठी लढाई झाली ती शिवरायांनी गड घेतला तेव्हा.

वस्तुस्थिती: 1646च्या सुमारास तोरणा स्वराज्यात आला, तो मोठी लढाई न होता. गडावर खरी झुंज झाली ती जवळजवळ 58 वर्षांनी. औरंगजेब स्वतः या डोंगरांत उतरला होता. डिसेंबर 1703 मध्ये त्याने राजगडाला वेढा दिला आणि फेब्रुवारी 1704 मध्ये तो गड घेतला. मग मोर्चा तोरण्याकडे वळला. मार्चमध्ये मोगलांची माणसे रात्री दोराच्या शिड्यांनी तट चढली आणि आत कापाकापी झाली. त्या मोहिमेत बादशहाने बहुतेक गड पैसे चारून किंवा वाटाघाटींनी घेतले. तोरणा मात्र तलवार चालवूनच घ्यावा लागला. त्याने गडाचे नाव ‘फुतूहुल्घैब’ (दैवी विजय) ठेवले. हा ताबा फार दिवस टिकला नाही. राजगड तर 1707 मध्येच मराठ्यांनी परत घेतला.

गैरसमज 2: पुरंदरच्या तहात इथले सगळे किल्ले मोगलांना गेले.

वस्तुस्थिती: जून 1665च्या तहात महाराजांनी 23 किल्ले दिले आणि 12 राखले. राखलेल्यांत राजगड आणि तोरणा होते. राजगड तर तेव्हा राजधानीच होता. भोरजवळचा रोहिडा मात्र दिलेल्यांच्या यादीत होता. तो 1670 मध्ये परत आला. म्हणजे एकाच मुलखातला एक किल्ला गेला आणि दोन राहिले.

गैरसमज 3: लढाया गडांवर झाल्या, खालच्या गावांना झळ लागली नाही.

वस्तुस्थिती: गडाची रसद गावातून येते, हे मोगल सेनापती मिर्झाराजे जयसिंगाला पक्के ठाऊक होते. पुरंदरचा वेढा चालू असतानाच, एप्रिल 1665 मध्ये त्याने दाऊदखानाला फौज देऊन या भागात पाठवले. रोहिड्याच्या आसपासची पन्नासेक गावे जाळली गेली, गुरे आणि माणसे धरून नेली. पुढे ही फौज राजगडाच्या पायथ्याच्या गावांवरही गेली. तहाला महाराज तयार झाले, त्यामागे पुरंदरवरच्या माऱ्याइतकाच रयतेच्या या होरपळीचाही वाटा होता. इथल्या युद्धाचा नकाशा काढायचा तर त्यात तटबुरुजांबरोबर शिवारेही दाखवावी लागतील.

गैरसमज 4: बाजीप्रभू पन्हाळ्याकडचे, पावनखिंडीत तिकडचेच मावळे लढले.

वस्तुस्थिती: खिंड विशाळगडाजवळ, आजच्या कोल्हापूर जिल्ह्यात आहे, हे खरे. जुलै 1660 मध्ये ती अडवून धरणारी माणसे मात्र इथली. बाजीप्रभू देशपांडे हिरडस मावळातले, म्हणजे भोरच्या परिसरातले, आणि त्यांच्याबरोबर बांदल देशमुखांचे मावळे होते. रोहिड खोऱ्यातल्या कारीचे कान्होजी जेधे यांनी तर त्याच्या आदल्याच वर्षी, अफझलखान चालून आला तेव्हा, आदिलशाही फर्मान झुगारून महाराजांची बाजू धरली होती. याच जेधे घराण्याची शकावली लोकमान्य टिळकांनी उजेडात आणली. शिवजन्माची 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख ठरवताना ती मोठा आधार ठरली.

येसाजी कंक हेही इथलेच, भुतोंड्याचे. 1683 मध्ये पोर्तुगीजांनी फोंड्याला वेढा दिला तेव्हा ते तिथे लढले. त्या झुंजीत त्यांचा मुलगा कृष्णाजी कामी आला. वेळवंडी नदीवरच्या भाटघर धरणाच्या जलाशयाला आज येसाजींचे नाव आहे. धरण मात्र इंग्रजी अमदानीतले, 1928च्या सुमारास पुरे झालेले. गव्हर्नर लॉईड यांच्या नावाने ते तेव्हा ओळखले जाई. शिवकाळात इथे तळे नव्हते, वाहती नदी आणि तिच्या काठची शेते होती.

गैरसमज 5: रायरेश्वरावरच्या स्वराज्याच्या शपथेचा समकालीन पुरावा आहे.

वस्तुस्थिती: शपथेची परंपरा जुनी आणि लोकांच्या मनात खोल रुजलेली आहे. पण तिच्यासाठी दाखवले जाते ते शिवरायांनी 1645 मध्ये दादाजी नरसप्रभूंना लिहिलेले पत्र रायरेश्वराचा नव्हे, तर रोहिरेश्वराचा उल्लेख करते, आणि त्याच्या अस्सलपणाबद्दलही इतिहासकारांत मतभेद आहेत. रायरेश्वराला श्रद्धेने जरूर जावे. पोरांना सांगताना मात्र परंपरा आणि पुरावा यांतला फरकही सांगावा.

पुढच्या वेळी राजगडला जाल तेव्हा वाट थोडी वाकडी करून कारीलाही जा. आणि गडावरची गोष्ट कुणी सांगू लागले की दोन प्रश्न नक्की विचारा: साल कोणते, आणि हे कुठल्या कागदात आहे?