पाण्याखाली हवा जाते कुठे?

स्कूबा डायव्हिंग नुकतेच शिकलेल्यांची एक ठरलेली तक्रार असते: बरोबरच्यांकडे अर्धा सिलिंडर शिल्लक असताना आपला काटा लाल पट्ट्यात कसा? तारकर्ली-मालवणला प्रशिक्षक हाताला धरून पाण्याखाली फिरवून आणतो, तेव्हा हा प्रश्न पडत नाही. रीतसर कोर्स करून नेत्राणीला किंवा अंदमानात स्वतः डाइव्ह करू लागले की पडतो. उत्तर बहुतेक जण छातीत शोधतात. ते बरेचसे कमरेच्या पट्ट्यात आणि पायांत असते.

आधी गणित पाहू. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये शुद्ध ऑक्सिजन नसतो, दाबून भरलेली साधी हवा असते. १२ लिटरचा सिलिंडर २०० बारपर्यंत भरला, की त्यात सुमारे २,४०० लिटर हवा मावते. ५० बार राखीव ठेवले की वापरायला उरते १,८०० लिटर. रेग्युलेटर हवा देतो ती भोवतालच्या दाबाने, आणि समुद्रात दर १० मीटरला दाब एका बारने वाढतो. त्यामुळे पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेणाऱ्याला १० मीटरवर ४० आणि २० मीटरवर ६० लिटर लागते. तोच सिलिंडर १० मीटरवर ४५ मिनिटे पुरतो, २० मीटरवर ३०. मासे वरही दिसत असतील, तर उगाच तळ गाठू नये.

दुसरा खर्च हालचालीचा. पाणी हवेच्या सुमारे आठशे पट दाट असते. त्यात वेग दुप्पट केला तर विरोध चौपट होतो आणि ताकद आठपट लागते. म्हणून जाणकार डायव्हर रेंगाळल्यासारखे पोहतात: शरीर आडवे, हात जवळ घेतलेले, फिन्सचा एक संथ फटका आणि मग नुसते तरंगत जाणे.

इथेच कमरेच्या शिशाचा संबंध येतो. बुडणार नाही या धास्तीने नवखे जास्त वजन बांधतात. ते तोलायला जॅकेटमध्ये जास्त हवा भरावी लागते, पाय खाली लोंबतात आणि प्रत्येक फटक्याला दमछाक होते. वजन तपासायची रीत सोपी आहे. जॅकेट रिकामे करून नेहमीसारखा श्वास घेतला, की पाणी डोळ्यांच्या पातळीला यावे. श्वास सोडला की सावकाश खाली जावे. भरलेल्या सिलिंडरनिशी तपासत असाल तर वर साधारण दोन किलो ठेवा, कारण डाइव्ह संपेपर्यंत तेवढ्या वजनाची हवा वापरली जाते.

श्वासाचे तंत्र शेवटी. श्वासाची ओढ लागते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्याने. घाईच्या उथळ श्वासातला बराच भाग श्वासनलिकेतूनच परत येतो, वायू पुरता बाहेर पडत नाही आणि धाप वाढते. त्यामुळे श्वास संथ, खोल घ्यावा आणि त्याहून निवांत सोडावा. पण हवा वाचवायला श्वास रोखून धरणे घातक आहे. १० मीटरवरून वर येताना हवेचे आकारमान दुप्पट होते. रोखलेल्या श्वासाने फुप्फुस फाटू शकते. थंडीनेही हवा जास्त लागते, तेव्हा अंगाला नीट बसणारा वेटसूट घाला.

सुधारणा मोजता येते. १० मीटरवर स्थिर राहून १० मिनिटांत काटा २०० वरून १६५ वर आला, तर ४२० लिटर खर्च झाले. मिनिटाला ४२, त्या खोलीवरच्या दोन बार दाबाने भागले की तुमचा मूळ दर, २१ लिटर. प्रत्येक डाइव्हनंतर तो लॉगबुकात लिहा.

धिप्पाड माणसाला हवा जास्त लागणारच. शेजाऱ्याशी स्पर्धा करू नका. आणि काटा ठरलेल्या आकड्यावर आला, की संकोच न करता जोडीदाराला खूण करा आणि सावकाश वर या.