मेमोरिअल डे

मेमोरिअल डे : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत युद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ पाळला जाणारा राष्ट्रीय दिन. तो मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी येतो व त्या दिवशी देशभर सार्वजनिक सुटी असते. ११ नोव्हेंबर रोजी येणारा व्हेटरन्स डे हा सैनिकी सेवा केलेल्या सर्वांच्या सन्मानार्थ असतो. मेमोरिअल डे हा मात्र केवळ मृतांचा दिवस होय. प्रारंभी त्यास डेकोरेशन डे, म्हणजे थडगी फुलांनी सजविण्याचा दिवस, असे नाव होते.

या दिनाचा उगम अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) आहे. त्या युद्धातील सैनिकांची मृत्युसंख्या दीर्घकाळ सु. ६,२०,००० मानली जाई. २०११ मध्ये जनगणनेच्या आधारे केलेल्या एका अभ्यासात ती सु. ७,५०,००० असावी, असा अंदाज मांडण्यात आला. असंख्य प्रेते रणांगणावरच घाईघाईने पुरण्यात आली होती. युद्धानंतर संघशासनाने आपल्या पक्षाच्या सु. ३ लाख सैनिकांचे अवशेष शोधून त्यांचे राष्ट्रीय दफनभूमींत पुन्हा दफन केले. त्यांतील जवळजवळ निम्म्यांची ओळख पटली नाही. दक्षिणेकडील फुटीर राज्यांच्या सैनिकांना या व्यवस्थेतून वगळण्यात आले होते. ते कार्य तेथील स्त्रियांच्या स्मारक मंडळांनी अंगावर घेतले. अशा रीतीने स्मरणाच्या दोन स्वतंत्र परंपरा आरंभापासूनच निर्माण झाल्या.

पहिला समारंभ कोठे झाला, याविषयी अनेक गावांचे दावे आहेत. १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन याने न्यूयॉर्क राज्यातील वॉटर्लू या गावास जन्मस्थानाचा मान दिला. तेथील समारंभ ५ मे १८६६ चा आहे. मिसिसिपी राज्यातील कोलंबस येथे त्याच वर्षी २५ एप्रिलला स्त्रियांनी दोन्ही पक्षांच्या सैनिकांच्या थडग्यांवर फुले वाहिली. तथापि साउथ कॅरोलायनातील चार्ल्सटन येथे १ मे १८६५ रोजी झालेला समारंभ यांहून आधीचा व अर्थाच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय म्हणावा लागेल. तेथील घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर युद्धकैद्यांची छावणी होती आणि उत्तरेचे अडीचशेहून अधिक सैनिक तीत मरण पावले होते. शहरातील कृष्णवर्णीय कामगारांनी त्यांना सामुदायिक खड्ड्यातून काढून स्वतंत्र थडग्यांत पुरले व भोवती कुंपण घातले. त्यानंतर सु. १०,००० लोकांनी तेथे मिरवणूक काढली. त्यांत बहुतांश नुकतेच दास्यमुक्त झालेले लोक होते आणि अग्रभागी शाळकरी मुले होती. ही घटना पुढे गोऱ्या दक्षिणेच्या स्मृतीतून जवळजवळ पुसली गेली. डेव्हिड ब्लाइट या इतिहासकाराच्या संशोधनामुळे ती विसाव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा उजेडात आली.

या दिनास राष्ट्रीय रूप देण्याचे श्रेय जॉन लोगन याच्याकडे जाते. ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक या उत्तरेच्या माजी सैनिकांच्या संघटनेचा प्रमुख या नात्याने त्याने ५ मे १८६८ रोजी आज्ञापत्र काढून ३० मे हा दिवस ठरविला. व्हर्जिनियातील पीटर्झबर्ग येथे दक्षिणेच्या सैनिकांची सजविलेली थडगी पाहून आपण ही कल्पना पतीस सांगितली, असे लोगनच्या पत्नीने पुढे लिहिले आहे. त्या वर्षी आर्लिंग्टन येथे जेम्स गारफील्ड याचे भाषण झाले व सु. २०,००० थडग्यांवर फुले वाहण्यात आली. १८७३ मध्ये न्यूयॉर्क राज्याने या दिवसाची सुटी प्रथम जाहीर केली. १८९० पर्यंत उत्तरेकडील सर्व राज्यांनी तिचे अनुकरण केले.

स्मरण कोणाचे, हा प्रश्न मात्र सुटला नव्हता. १८७१ मध्ये आर्लिंग्टन येथे बोलताना फ्रेडरिक डग्लस याने बजाविले, की राष्ट्र वाचविण्यासाठी लढणारे व ते मोडण्यासाठी लढणारे यांतील भेद विसरता कामा नये. पुढील काळात गोऱ्या उत्तरेचा व दक्षिणेचा समेट झाला, पण त्यात दास्यमुक्तीचा विषय मागे पडला. १९०० मध्ये आर्लिंग्टन येथे दक्षिणेच्या सैनिकांसाठी वेगळा विभाग करण्यास संमती मिळाली व १९१४ मध्ये तेथे स्मारक उभे राहिले. डिसेंबर २०२३ मध्ये ते हलविण्यात आले.

पहिल्या महायुद्धानंतर सर्व युद्धांतील मृत सैनिक या दिनाच्या कक्षेत आले. १९६८ च्या कायद्याने १९७१ पासून ३० मे ऐवजी सोमवार ठरविण्यात आला. सलग तीन दिवसांच्या सुटीमुळे सहली, विक्री व उन्हाळ्याचा आरंभ यांनाच महत्त्व आले, अशी तक्रार माजी सैनिक करतात, आणि ती निराधार नाही. दुसऱ्या महायुद्धात उजवा हात गमावलेला सिनेटर डॅनिएल इनौये याने जुनी तारीख परत आणण्यासाठी वारंवार विधेयक मांडले. पण ते संमत झाले नाही.

या दिवशी राष्ट्रध्वज दुपारी बारापर्यंत अर्ध्यावर उतरविलेला असतो व नंतर पूर्ण वर चढवितात. २००० च्या कायद्यानुसार दुपारी तीन वाजता क्षणभर स्तब्धता पाळण्याचे आवाहन केले जाते. आर्लिंग्टन येथे आधीच्या गुरुवारी सैनिक दोन लाखांहून अधिक थडग्यांपुढे लहान ध्वज रोवतात. तेथील अज्ञात सैनिकाच्या समाधीवर पुष्पचक्र वाहण्यात येते. कागदी किंवा कापडी पॉपीची फुले वाटून माजी सैनिकांसाठी निधी जमविण्याची प्रथाही रूढ आहे. अलाबामा व मिसिसिपी यांसारख्या दक्षिणेकडील काही राज्यांत फुटीर पक्षाच्या सैनिकांचा वेगळा स्मृतिदिन अद्यापि एप्रिलमध्ये पाळला जातो.