आधी भाकरी, मग महेशमूर्ती

गेटवेहून तासाभराचा लाँचप्रवास, धक्क्यापासून पायथ्यापर्यंतची चाल, मग उन्हात सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. एवढे करून माणसे घारापुरीच्या मुख्य लेण्यात पोहोचतात आणि महेशमूर्तीसमोर जेमतेम पाच मिनिटे थांबतात. पोटात कावळे ओरडत असताना सहाव्या शतकातले शिल्प डोळ्यांत शिरत नाही. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की इथे आधी जेवावे आणि बेताचे जेवावे.

मोठ्या शहरांतल्या संग्रहालयांनी ही गरज ओळखली आहे. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या मागच्या अंगणात कॅफे निघाला. त्याच संग्रहालयाच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले, तोच हा. 1864 मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला, उचलताना तो कोसळून फुटला आणि पुढे 1914 मध्ये त्याचे तुकडे मुंबईत जोडले गेले. हत्ती गेला, लेणी मात्र जागची हलली नाहीत. रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातले हे अख्खे बेटच मला संग्रहालय वाटते, आणि त्याचा कॅफे म्हणजे बेटावरच्या लोकांच्या खाणावळी.

राजबंदर, मोराबंदर आणि शेतबंदर या इथल्या तीन वस्त्या. 1987 साली लेणी जागतिक वारसा यादीत गेली. पण समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून या वस्त्यांत कायमची वीज आली ती 2018 मध्ये. त्याआधी संध्याकाळचे काही तास जनरेटर चाले. दिवसभर फ्रिज चालवण्याची सोय नाही, तिथे खाणावळ चालवणे किती कठीण गेले असेल, याचा विचार ताटावर बसताना जरूर करावा.

मागावे काय? नूडल्स कुठेही मिळतात. इथे तांदळाची भाकरी, त्या दिवशी जी मासळी असेल तिचे कालवण आणि सोलकढी मिळते का, हे विचारावे. शाकाहारी माणसाला भाकरी, डाळ आणि लोणचे पुरे. भरपेट थाळीवर ताव मारला, तर पायऱ्या चढताना दम लागतो आणि लेण्यातल्या गारव्यात डोळे मिटू लागतात. काकडी, कैरी घेऊन चढायचे असेल तर पिशवी बंद ठेवावी. माकडे हातातले ओढून नेतात.

जेवून वर गेले की घाई उरत नाही. मुख्य लेणे उत्तर, पूर्व आणि पश्चिम असे तिन्ही बाजूंनी उघडे आहे, त्यामुळे दुपार कलली की पश्चिमेकडून उजेड आत येऊ लागतो. दक्षिणेच्या भिंतीतली सुमारे साडेपाच मीटर उंचीची महेशमूर्ती मात्र अर्धवट अंधारातच असते. तिचे तीन चेहरे दिसायला डोळे त्या अंधाराला सरावावे लागतात, आणि त्याला वेळ लागतो. तेवढा वेळ हाताशी राहावा म्हणून भाकरी वर जाण्याआधीच खावी, आणि उतरताना चहाला थांबायचे असेल तर परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ धक्क्यावर उतरल्याबरोबर विचारून घ्यावी. सोमवारी लेणी बंद असतात.