बँकॉकमधली माधुकरी

बाबांना पहाटे पाचला जाग येते, मग घर मुरारचं असो की बँकॉकचं. डिसेंबरात आम्ही धाकट्या भावाकडे गेलो, तर दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला हलवून उठवलं आणि बाल्कनीत नेलं. खाली गल्लीत भगव्या वस्त्रांतले तीन भिक्खू अनवाणी चालले होते. कोपऱ्यावरच्या खाणावळीतल्या बाईंनी चपला काढल्या, त्यांच्या पात्रांत भाताच्या आणि रश्शाच्या पिशव्या ठेवल्या आणि हात जोडून खाली बसल्या. भिक्खूंनी आशीर्वाद म्हटला नि पुढे निघाले. आभार वगैरे काही नाही. कृतार्थ दिसत होत्या त्या बाईच.

आमचा बौद्ध धर्म म्हणजे शाळेच्या सहलीत पाहिलेली सांची, तेवढाच. भावानं सांगितलं, याला इथे ‘तक बात’ म्हणतात. ‘बात’ म्हणजे आपलं पात्र. ‘थाम बुन’ म्हणजे पुण्य करणं. ‘बुन’ हे आपलं पुण्यच. भिक्खू स्वतः रांधत नाहीत आणि दुपारी बारानंतर जेवत नाहीत. स्त्रीनं त्यांना स्पर्श करायचा नसतो, म्हणून वहिनी पिशवी पात्रात अलगद सोडते. आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून तीन महिने ते एकाच विहारात राहतात. त्याला ‘फान्सा’ म्हणतात, शब्द ‘वर्षा’वरून आलेला, आपल्या चातुर्मासाचा सख्खा भाऊच म्हणा ना. तरुण मुलं तेवढ्यापुरती भिक्खू होऊन परत कामावर येतात. सरकारी नोकराला तर त्यासाठी १२० दिवसांपर्यंत रजा मिळते!

सगळंच काही गंभीर नसतं. इमारतीच्या दारातल्या वास्तुदेवतेला नैवेद्य होता लाल फँटाचा, बाटलीत स्ट्रॉ घालून. आणि किराण्याच्या पावतीवर सन २५६८.

बाबा मात्र रोज पहाटे बाल्कनीत उभे राहायचे आणि गप्प असायचे. शुक्रवारी रात्री जेवताना एकदम म्हणाले, “अण्णा वार लावून जेवायचे.”

आम्हा दोघा भावांना हे ठाऊकच नव्हतं. आजोबा कोकणातून ग्वाल्हेरला शिकायला आले एवढंच माहीत. लष्करात रोज एका घरी जेवायचं, असे त्यांचे वार होते. “कुणाला सांगू नका म्हणायचे. लाज वाटायची त्यांना. इथे बघा, घेणारा लाजत नाही, देणाराच खाली बसतो.”

“सात घरं होती?” वहिनीनं विचारलं.

“सहा. शनिवारला घर मिळालं नव्हतं.”

आजोबांचा शनिवारचा उपास मरेपर्यंत चालला. आम्ही सगळे तो मारुतीचा समजत होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठलो तेव्हा बाबा बाल्कनीत नव्हते. आईनं मुरारहून बांधून दिलेला बेसनाच्या लाडवांचा डबाही ओट्यावर नव्हता. खाली वाकून पाहिलं. बाबांनी चपला काढल्या होत्या आणि दुखऱ्या गुडघ्यांनिशी, भिंतीचा आधार घेत, ते हळूहळू खाली बसत होते.