पंधरावी व्यक्ती : जनाबाईंच्या अभंगांतील घर

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे जनाबाईंचे जन्मगाव. बालपणीच त्या पंढरपुरास दामाशेटींच्या घरी आल्या व तेथेच दासी म्हणून राहिल्या, असे परंपरा सांगते. गोदाकाठच्या घराचा हा वियोग चरित्रकार दोन वाक्यांत उरकतात. अभंगांत मात्र तो संपत नाही.

या दृष्टीने नामदेवांच्या कुटुंबाची गणना करणारा अभंग पाहण्यासारखा आहे. दामा-गोणाई, नामदेव-राजाई, नारा, विठा, गोंदा, महादा हे पुत्र, लाडाई, गोडाई, येसाई, साखराई या सुना, लेक लिंबाई आणि बहीण आऊबाई अशी चौदा माणसे मोजून झाल्यावर जनी शेवटी स्वतःला ठेवते. आधीच्या प्रत्येकास नाते आहे; पंधराव्या व्यक्तीस नाते नाही, काम आहे. तरीही ती गणनेत आहे, आणि ही गणना तिची स्वतःची आहे. अभ्यासकांनी या अभंगाचा उपयोग बहुधा चरित्रसाधन म्हणूनच केला. वस्तुतः घरात आपली जागा कोणती, या प्रश्नाचे ते उत्तर आहे. ‘नामयाची दासी’ या मुद्रिकेतील षष्ठीही मालकी सांगते तसेच आपलेपणही. या दोहोंत निवड करण्याची घाई समीक्षेने करू नये.

मायबाप गेल्याचे सांगून विठ्ठलाकडे सांभाळ मागणाऱ्या अभंगात पोरकेपण उघड आहे. अन्यत्र तोच विठ्ठल दळू लागतो, शेणी वेचतो, जनीची वेणीफणी करतो. यांस चमत्कार म्हणून मोकळे होणे सोपे. परंतु हे प्रसंग देव्हाऱ्यापुढे नव्हे, तर दासीच्या कष्टाच्या जागी घडतात. काम आपले पण घर दुसऱ्याचे, अशा ठिकाणी जात्याच्या खुंट्याला दुसरा हात लागला की ते घर राहण्याजोगे होते. दळताना ओव्या गाणाऱ्या स्त्रियांनी जनाबाईंना आपले मानले, त्याचे कारणही येथेच असावे. सासर हेही प्रारंभी परक्याचेच घर.

डोईवरचा पदर ढळला तरी टाळ-वीणा घेऊन भर बाजारात जाऊ म्हणणारी जनी मात्र या मांडणीत बसत नाही. तेथे घर आणि घराची अब्रू, दोन्ही मागे पडतात. नामदेवगाथेत आलेले हे सारे अभंग एकाच जनीचे मानावेत काय, हा पाठचिकित्सेचा प्रश्न आहे. परंपरेने मात्र घरात मोजली गेलेली जनी आणि घराबाहेर पडणारी जनी, दोघींनाही एकाच नावाखाली राहू दिले.