वाहनविद्या : लेखांक सातवा
गिअर हाताचा की आपोआपचा?

गतांकात आपण इंजिनाच्या पिळाचा, म्हणजे टॉर्कचा, विचार केला. तो पीळ चाकांपर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचतो आणि वाटेत त्यातला किती गहाळ होतो, हा प्रस्तुत लेखांकाचा विषय आहे. विषय शर्यतीच्या गाड्यांचा असला, तरी त्याचे प्राथमिक शिक्षण घेण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. स्वारगेटच्या स्थानकातून साताऱ्याकडे निघालेली साधी लाल एस.टी. जेधे चौकाच्या गर्दीत शिरते, तेव्हा चालकाचा डावा पाय पाहावा. तो क्लच पुरता दाबत नाही आणि पुरता सोडतही नाही. मध्येच अडवून धरतो. या अवस्थेस आपले चालक ‘हाफ क्लच’ म्हणतात. इंजिन फिरत असते, चाके जवळजवळ स्थिर असतात, आणि या दोहोंतील तफावत क्लचप्लेट स्वतः घासून घेऊन सोसत असते. उभी गाडी चालती करताना ही तफावत कोणी तरी सोसलीच पाहिजे. ती घासणाऱ्या प्लेटने सोसावी की फिरत्या तेलाने, हाच मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक यांच्यामधील मूळ वाद होय. बाकी सारे वाद त्याच्या पोटातले.

ड्रॅग रेस म्हणजे सरळ रेषेतील पाव मैलाची, सुमारे 402 मीटरची, दौड. आपल्याकडे लोणावळ्यापलीकडे अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ या नावाने अशा शर्यती झालेल्या आहेत. या दौडीत वळण नाही, घाट नाही, डावपेच नाहीत. आणि म्हणूनच आरंभीच्या 60 फुटांना, म्हणजे जेमतेम 18 मीटरांना, इतके महत्त्व आहे की त्यांची वेळ स्वतंत्रपणे नोंदवली जाते. तेथे हुकलेला क्षण पुढे भरून काढणे दुरापास्त असते. क्लच लवकर सोडावा तर चाके जागीच गरगरतात किंवा इंजिन गुदमरते, उशिरा सोडावा तर प्लेट जळते. आणि कुशल चालकाला एकदा साधलेला हा मेळ दुसऱ्या खेपेस तसाच साधेल, याची हमी कोणी द्यावी?

येथे तेलाचा पक्ष प्रबळ ठरतो. हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने 1905 साली, मोटारींसाठी नव्हे तर जहाजांसाठी, ज्या युक्तीचे पेटंट घेतले, तिचेच वंशज म्हणजे आजचे टॉर्क कन्व्हर्टर. इंजिनाला जोडलेले एक पाते तेल भिरकावते, गिअरबॉक्सला जोडलेले दुसरे पाते त्या तेलाच्या माऱ्याने फिरते, आणि दोहोंमध्ये बसवलेले तिसरे पाते परतणाऱ्या तेलाची दिशा बदलून त्याला पुन्हा कामाला जुंपते. या तिसऱ्या पात्याची करामत अशी की गाडी उभी असताना पीळ नुसता पोहोचत नाही, तर तो सुमारे दुपटीपर्यंत वाढून पोहोचतो. क्लचप्लेटला हे जन्मात साधणार नाही. इंजिनाने जेवढे दिले तेवढेच, किंबहुना त्याहून कमीच, पुढे पोचवण्याचा तिला अधिकार. खास शर्यतीसाठी सजवलेल्या ऑटोमॅटिकमध्ये याहून एक गंमत असते. पहिला आणि रिव्हर्स हे दोन्ही गिअर एकाच वेळी पकडून गाडी जागच्या जागी जखडली जाते, इंजिन पुरत्या आवेशात येते, आणि बोटाखालचे बटण सोडताच रिव्हर्सची पकड सुटून गाडी उसळते. डाव्या पायाला येथे कामच उरत नाही. 1950 साली शेव्हरोलेने घरगुती मोटारींसाठी आणलेला पॉवरग्लाइड हा अवघ्या दोन गिअरांचा ऑटोमॅटिक अमेरिकेतील ड्रॅग शर्यतींत आजही मानाने नांदतो, यामागे हेच इंगित आहे.

तथापि ऑटोमॅटिकविषयीचा जुना आक्षेप निराधार होता असे नव्हे. तेल घुसळण्यात शक्तीचा व्यय होतो, यंत्र जड असते, आणि पूर्वीच्या तीन-चार गिअरांच्या आळशी ऑटोमॅटिकला जाणता चालक सहज मागे टाकी. पुढे कन्व्हर्टरला आतून घट्ट जोडणारा क्लच आला, गिअर वाढले, आणि हुकूम देण्याचे काम संगणकाकडे गेले. हाताने गिअर बदलताना पीळ क्षणभर तुटतोच. ताशी 160 किलोमीटरच्या वेगात सेकंदाचा दहावा भाग म्हणजे साडेचार मीटर, हे गणित मांडले की प्रकरण निकालात निघते.

यातून तिसरा पक्ष उभा राहिला, तो दुहेरी क्लचचा. विषम गिअर एका दांड्यावर, सम गिअर दुसऱ्यावर, प्रत्येकाला आपला स्वतंत्र क्लच. एक गिअर कामावर असताना दुसरा तयारीत उभा. फोक्सवॅगनने ही रचना 2003 साली विक्रीच्या मोटारीत आणली, आणि आपल्या चाकणच्या कारखान्यातून ती 2013 मध्ये पोलो जीटीमध्ये बाहेर पडली. त्याच चाकणच्या व्हर्टसची कथा अधिक बोलकी आहे. 150 अश्वशक्तीचे इंजिन 2022 मध्ये केवळ दुहेरी क्लचसह आले, आणि 2023 मध्ये कंपनीला त्याच इंजिनाला हाताचा गिअर द्यावा लागला. वेगासाठी नव्हे, गिअर आपल्या हाताने टाकण्याची हौस असणाऱ्यांसाठी. त्या हौसेची टिंगल करण्याचे मला कारण दिसत नाही, फक्त तिला वेगाचे नाव देऊ नये.

मात्र जे शर्यतीत उपकारक ते स्वारगेटला उपकारक, असे कोणी समजू नये. या व्हर्टसचे दोन्ही क्लच कोरडे आहेत, आणि त्यांची पीळ सोसण्याची मर्यादा 250 न्यूटन-मीटर, म्हणजे मूळ इंजिनाच्या पिळाइतकीच. तेव्हा इंजिनाची ताकद वाढवून घेणाऱ्या हौशींनी हा हिशेब आधी करावा. शिवाय सायंकाळी सातारा रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात, त्या वेळी कोरडा क्लच एस.टी.च्या प्लेटप्रमाणेच घासत आणि तापत राहतो, तर टॉर्क कन्व्हर्टर निवांतपणे तेल ढवळत बसतो.

माझा अभिप्राय विचाराल तर असा : घड्याळाशी शर्यत असेल तर डाव्या पायाचा मोह सोडावा, रोज जेधे चौक ओलांडायचा असेल तर टॉर्क कन्व्हर्टर घ्यावा, आणि गाडी चालवण्याचा आनंदच हवा असेल तर हाताचा गिअर खुशाल घ्यावा, पण त्याची परीक्षा बंदिस्त धावपट्टीवरच करावी, रात्रीच्या सातारा रस्त्यावर नव्हे. पुढील लेखांकात विजेच्या गाड्यांकडे वळू. त्यांत क्लच नाही आणि बहुतेकांत बदलायला दुसरा गिअरही नाही.